चाळीस हजार गुरांचे ढेकर मोजायचे कसे?

गाय दर मिनिट-दोन मिनिटांनी ढेकर देते. तुम्ही कधी ऐकलाय? गोठ्यात तासभर बसलात तरी ऐकू येणार नाही. पोटातून वर आलेला वायू आधी श्वासनलिकेत शिरतो, त्यातला बराचसा फुप्फुसांत जाऊन येतो आणि मग साध्या उच्छ्वासाबरोबर नाकातोंडावाटे बाहेर पडतो. ना आवाज, ना रंग. त्यात मिथेन नावाचा जो वायू असतो त्याला वाससुद्धा नसतो.

आता हा वायू मोजायचाय. एका गाईचा नाही, चाळीस हजार गुरांचा. तोही बंद खोलीत नाही, तर उघड्या माळावर, जिथे दिवसभर वारा सुटलेला असतो. कसा मोजाल? प्रत्येक तोंडाला पिशवी बांधणार? शास्त्रज्ञांनी यावर जे उपाय शोधले, ते वाचताना मला इतकी मजा आली की कधी एकदा तुम्हाला सांगतोय असं झालं.

पण आधी हा वायू येतो कुठून ते बघू. बसलेल्या गाईच्या मानेकडे नीट बघा. एक गोळा गळ्यातून सरकत वर येतो. ती तो चाळीस-पन्नास वेळा चावते, खालचा जबडा आडवा फिरवत. मग गिळते. गोळा खाली जाताना दिसतो. दोन-तीन सेकंद ती गप्प असते, आणि पुढचा गोळा वर येतो. हे झालं रवंथ. हे गोळे येतात कोटीपोटातून. गाईच्या पोटाचा हा सगळ्यात मोठा कप्पा. मोठ्या जनावरात शंभर लिटरहूनही जास्त माल मावतो. आत ३९ अंश उष्णता, मिट्ट काळोख, ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. आणि अब्जावधी जिवाणू! गवतातला जो चिवट भाग आपल्याला अजिबात पचत नाही, तो हे जिवाणू कुजवतात आणि त्यातून गाईला ऊर्जा मिळते.

हे काम चालू असताना हायड्रोजन तयार होतो. तो साठत गेला तर कुजवण्याचं कामच अडेल. तिथे आर्किया नावाचे दुसरे सूक्ष्मजीव टपलेलेच असतात. ते हायड्रोजनचे चार रेणू घेतात, कार्बन डायऑक्साइडचा एक घेतात आणि त्यापासून मिथेनचा एक रेणू आणि पाण्याचे दोन रेणू बनवतात. पोट मोकळं राहतं, मिथेन ढेकरातून बाहेर जातो. म्हणजे गाय काही वाईट वागत नाही हं! तिचं पोट असंच चालतं, आणि असं चालतं म्हणूनच ती गवतावर जगू शकते.

मग मोजायची एवढी धडपड कशाला? मिथेन उष्णता अडवतो म्हणून. जमिनीतून आकाशाकडे निघालेल्या अवरक्त किरणांना काही वायू वाटेतच शोषून घेतात, हे जॉन टिंडल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८५९ सालापासून प्रयोग करून दाखवलं. मिथेन हा तसाच वायू. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. मात्र तो हवेत फार वर्षं टिकत नाही, दहा-बारा वर्षांत बराचसा नाहीसा होतो. त्यामुळे आज त्याचं प्रमाण कमी केलं तर फायदा लवकर दिसतो. माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी जवळजवळ एक तृतीयांश पाळीव जनावरांपासून येतो, त्यांचं पोट आणि शेण दोन्ही धरून.

आता चला त्या माळावर. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचा अगदी उत्तरेकडचा चौकोनी भाग आहे, त्याला पॅनहँडल म्हणतात. तिथलं मोठं शहर अमारिलो. जमीन सपाट, झाडं विरळ, पाऊस कमी, आणि वारा जवळजवळ रोजचाच. या भागात मांसासाठी वाढवायच्या गुरांचे प्रचंड मोठे तळ आहेत. त्यांना फीडलॉट म्हणतात. एकेका फीडलॉटमध्ये दहा हजार, वीस हजार, कुठे कुठे पन्नास हजारांहूनही जास्त गुरं. आपल्या दारच्या गोठ्यावरून याची कल्पनाच येणार नाही. लोखंडी कुंपणाचे चौक एकाला एक लागून पसरलेले, एका चौकात शंभर-दोनशे जनावरं. चौकाच्या कडेने सिमेंटची लांबच लांब गव्हाण. गव्हाणीबाहेरच्या रस्त्यावरून ट्रक खाद्य ओतत जातो. खाद्य म्हणजे मुख्यतः मका. त्याचे दाणे वाफेवर शिजवून, रुळांमध्ये दाबून त्याचे पोहे केलेले असतात. तीनशे-साडेतीनशे किलोचं जनावर आत येतं आणि चार-सहा महिन्यांनी सहाशे किलोच्या आसपास होऊन बाहेर पडतं.

मक्यावरच्या जनावराला ढेकर कमी, ही यातली गंमत. गवतातला चिवट भाग कुजताना हायड्रोजन जास्त सुटतो, मक्यातल्या पिठूळ भागापासून कमी. गवतावरच्या गुरांच्या खाद्यातली साधारण सहा टक्के ऊर्जा मिथेन होऊन वाया जाते. बहुतेक खाद्य धान्याचंच असेल तर तीन टक्क्यांच्या आसपास. हे आकडे देशोदेशीच्या हिशोबांत वापरले जातात. पण हिशोब हा शेवटी हिशोब. प्रत्यक्ष माळावर तेवढाच मिथेन निघतो का, हे मोजून बघितल्याशिवाय कसं कळणार?

सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे जनावराला हवाबंद खोलीत ठेवायचं. आत जाणारी हवा तपासायची, बाहेर येणारी हवा तपासायची. पेनसिल्व्हेनियात हेन्री आर्म्सबी यांनी १९०२ साली अशी एक खोलीच उभारली, आख्खा बैल आत मावेल एवढी. बैलाने किती खाल्लं, अंगातून किती उष्णता गेली, कोणते वायू निघाले, सगळं त्या खोलीत मोजता यायचं. ती खोली आता संग्रहालय म्हणून जपून ठेवली आहे. अशा खोल्या आजही वापरतात, पण हल्ली भिंती पारदर्शक असतात आणि शेजारच्या खोलीत दुसरं जनावर असतं. का, ठाऊक आहे? एकटं पडलेलं जनावर बिथरतं, नीट खात नाही, आणि नीट खाल्लं नाही तर मोजमापही चुकतं. या खोलीतलं माप अगदी नेमकं येतं. पण एका वेळी एक-दोन जनावरं. चाळीस हजारांना किती वर्षं लागतील, तुम्हीच सांगा.

१९९४ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या क्रिस्टन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. ती मला भारी आवडते, कारण तिच्यात गाय चक्क मोकळी हिंडते. बोटाच्या दोन पेरांएवढी एक पितळी नळी घ्यायची. तिच्यात सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू भरायचा. नळीच्या तोंडाशी अशी चकती असते की तिच्यातून वायू अगदी थोडा थोडा झिरपत राहतो. मग ही नळी काही आठवडे ३९ अंशांवर, म्हणजे कोटीपोटाच्याच उष्णतेत ठेवायची आणि ठरावीक दिवसांनी वजन करायचं. दिवसाला किती मिलिग्रॅम घटलं ते वहीत टिपायचं. तो आकडा पक्का झाला की नळी गाईच्या तोंडावाटे पोटात सोडायची. ती जड असल्याने तळाशी जाऊन बसते. गाईच्या तोंडावर म्होरकी, म्होरकीला नाकपुडीजवळ एक बारीक नळी, आणि ती नळी गळ्यात अडकवलेल्या रिकाम्या डब्याला जोडलेली. डब्यातली हवा आधीच काढून घेतलेली असते. त्यामुळे तो २४ तास नाकाजवळची हवा हळूहळू ओढत राहतो.

आता गणित बघा. समजा, पोटातली नळी दिवसाला ४ मिलिग्रॅम वायू सोडते. डबा उघडून तपासला तेव्हा त्यात मिथेनचं वजन या खुणेच्या वायूच्या ३०,००० पट निघालं. तर गाईने दिवसभरात किती मिथेन सोडला? ४ गुणिले ३०,०००, म्हणजे १,२०,००० मिलिग्रॅम, म्हणजेच १२० ग्रॅम. वाऱ्याने अर्धा श्वास उडवून नेला तरी बिघडत नाही, कारण तो दोन्ही वायू सारख्याच प्रमाणात उडवतो! एकच अडचण आहे. हा खुणेचा वायू स्वतःच कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारांहून जास्त पट तापवणारा आहे. म्हणून तो मिलिग्रॅममध्येच वापरतात.

आणखी एक यंत्र आहे, ग्रीनफीड. जनावर त्यात डोकं घालून खाद्याच्या गोळ्या खातं, कानातल्या बिल्ल्यावरून यंत्र त्याला ओळखतं आणि पंख्याने त्याचा श्वास ओढून घेतं. तीन-चार मिनिटांचं काम. असं दिवसातून काही वेळा, बरेच दिवस केलं की सरासरी मिळते.

पण आपल्याला तर अख्खा तळ मोजायचाय. इथे शास्त्रज्ञांनी गुरांकडे बघणंच सोडलं आणि वाऱ्याकडे बघायला सुरुवात केली.

फीडलॉटच्या ज्या बाजूला वारा वाहत जातो, तिथे तिकाटण्यावर, छातीच्या उंचीला, एक पेटी ठेवतात. तिच्यातून अवरक्त लेझर किरण निघतो, डोळ्यांना न दिसणारा. तो शे-दोनशे मीटर लांब जातो. तिथे खास आरसा असतो, छोट्या छोट्या कोपऱ्यांचा बनवलेला. किरण त्याच्यावर किंचित तिरका पडला तरी आल्या वाटेनेच परत जातो. परत आलेला किरण पेटी तपासते. मिथेन काही ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश शोषतो, त्यातली एक साधारण १.६५ मायक्रोमीटरची. तेवढाच प्रकाश किती कमी झाला यावरून वाटेतल्या हवेत किती मिथेन होता ते कळतं. अशीच दुसरी पेटी वारा येतो त्या बाजूला ठेवावी लागते, कारण जगातल्या सगळ्याच हवेत थोडा मिथेन असतो. दर दहा लाख रेणूंत साधारण १.९. समजा अलीकडे १.९ आणि पलीकडे २.९ आला. तर मधल्या तळाने १ ची भर घातली.

झालं काम? नाही ना! आई स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी देते तेव्हा बाहेरच्या खोलीत किती ठसका लागेल हे फक्त मिरच्यांवर ठरत नाही. खिडकी उघडी आहे का, पंखा कुठल्या बाजूला वारा फेकतोय, यावरही ठरतं. तसंच इथेही. वारा जोराचा असेल तर मिथेन पांगतो आणि आकडा छोटा दिसतो. वारा मंद असेल तर तोच मिथेन साठून आकडा फुगतो. म्हणून वाराही तितक्याच बारकाईने मोजायला लागतो.

त्यासाठी जे यंत्र आहे त्यात फिरणारं काहीच नसतं. समोरासमोर टोकांच्या तीन जोड्या असतात. एका टोकाकडून दुसऱ्याकडे आवाजाचा ठोका जातो. आपल्या कानांना न ऐकू येणारा. वाऱ्याच्या दिशेने गेला तर लवकर पोचतो, विरुद्ध गेला तर उशिरा. त्या फरकावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा कळते, तीही सेकंदाला दहा-वीस वेळा! नुसता आडवा वारा नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, भोवरे फिरतात, ते सगळं त्यात येतं.

आता खरी कमाल. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात टॉम फ्लेश, जॉन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक रीत मांडली. संगणकात हवेचे हजारो काल्पनिक कण घ्यायचे. ते तळावरून सोडून लेझरपर्यंत न्यायचे नाहीत. उलट करायचं. लेझरच्या किरणापाशी ते ठेवायचे आणि वेळ मागे फिरवायची. प्रत्येक कण वाऱ्याच्या त्या धक्क्यांनी मागे मागे जातो. तो जमिनीला कुठे टेकला होता? गुरांच्या चौकात की बाहेरच्या शेतात? हजारो कणांच्या अशा वाटा बघितल्या की संगणक सांगतो, ‘या वाऱ्यात, तळावरून तासाला एक किलो मिथेन सुटला असता तर लेझरला दहा लाखांत ०.००५ ची भर दिसली असती.’ आपल्याला तर १ ची दिसली. एकाला ०.००५ ने भागा. २००. म्हणजे तळावरून तासाला २०० किलो मिथेन सुटतोय. दिवसाला ४,८०० किलो. चाळीस हजार गुरांत वाटला तर एकाच्या वाट्याला १२० ग्रॅम. हे आकडे मी तुम्हाला गणित कळावं म्हणून घेतलेत, पण मोठ्या फीडलॉटमध्ये साधारण असेच आकडे येतात. एकाही जनावराला हात न लावता, बरं का!

आणि हे खरं कशावरून? हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल, शास्त्रज्ञांच्याही आला. त्यांनी काय केलं? एका मोकळ्या मैदानात भोकं पाडलेल्या नळ्या टाकल्या आणि टाकीतून मोजून-मापून मिथेन सोडला. किती सोडला ते त्यांना पक्कं माहीत होतं. मग लेझर लावून, वारा मोजून, संगणकाला विचारलं, ‘किती सुटला?’ वारा बरा असेल आणि भोवती अडथळे नसतील तर सरासरी उत्तर खऱ्याच्या अगदी जवळ येतं. वारा पडला की मात्र उत्तर भरकटतं. म्हणून वाऱ्याविना गेलेल्या रात्रींची मोजणी सरळ फेकून देतात. वाऱ्याने दिशा बदलली, तीही मोजणी गेली. कितीतरी तासांची मेहनत टाकून द्यावी लागते, पण वाईट मोजणी ठेवण्यापेक्षा ते बरं.

टेक्सासात तर आणखी एक अडचण. ऊन उतरलं की दिवसभर सुस्तावलेली गुरं उठतात, एकमेकांना ढुशा देतात, हुंदडतात. पायाखालच्या वाळलेल्या शेणाची धूळ उठते आणि संध्याकाळच्या थंडावत्या हवेत जमिनीलगत रेंगाळते. लेझरचा किरण त्या धुळीत मंद होतो. नेमका गुरं जागी असतानाचा वेळ!

फीडलॉटमध्ये मिथेन एकटा नसतो. खाली साठलेल्या शेणामुतात नायट्रोजन असतो, आणि तिथले जिवाणू त्याचा नायट्रस ऑक्साइड करतात. हाच तो हसवणारा वायू, दातांचे डॉक्टर वापरतात तो. पण हवेत गेला की तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, आणि शंभरेक वर्षं टिकतो. जमीन कोरडी असते तेव्हा तो थोडाच निघतो. पाऊस पडला की एकदम उसळतो. तो मोजायला जमिनीवर झाकणासारखी पेटी उपडी ठेवतात आणि दर काही मिनिटांनी इंजेक्शनच्या सिरिंजने आतली हवा काढून प्रयोगशाळेत पाठवतात. गुरं चौकात असताना हे जमत नाही. ती दिसेल ते हुंगतात, चाटतात, पेटी तर कधीच उलथून टाकतील. शिवाय गव्हाणीजवळ ओल, मधल्या उंचवट्यावर कोरडं, त्यामुळे एकाच चौकात दहा ठिकाणी दहा आकडे. मला तर वाटतं, मिथेनपेक्षा हा वायू मोजणं जास्त चिवट काम आहे.

अलीकडे आकाशातूनही बघायला लागलेत. २०२२ च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या जीएचजीसॅट कंपनीच्या उपग्रहांना कॅलिफोर्नियातल्या एका फीडलॉटवरून उठणारा मिथेन अवकाशातून दिसला. त्यांचा अंदाज होता तासाला काही शेकडो किलो. पण उपग्रह क्षणभर बघून पुढे जातो. खाऊन झाल्यावर गुरांचे ढेकर वाढतात, पहाटे कमी होतात. तो क्षण कुठला होता यावर सगळं अवलंबून. म्हणून जमिनीवरची लेझरची पेटी अजून काही सुट्टीवर गेलेली नाही.

एवढं सगळं मोजून करायचं काय? गुरांच्या खाद्यात घालायची एक पूड आहे, ३-एनओपी नावाची. ती आर्कियांचं मिथेन बनवण्याचं शेवटचं पाऊलच अडवते. कॅनडाने २०२४ मध्ये तिला परवानगी दिली. लाल समुद्री शेवाळाचे प्रयोगही चालू आहेत. भारतात बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने ‘हरित धारा’ नावाचं मिश्रण बनवलंय. यातलं कुठलं खरंच काम करतं आणि किती, हे ओळखायला मोजणीच लागते. नुसतं ‘वाटतं’ म्हणून भागत नाही.

आता तुमच्यासाठी कोडं. आपल्याकडे असे तळ नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून जास्त गाई-बैल मोजले गेले, पण ते एका माळावर नाहीत. कुणाच्या दारात दोन, कुणाच्या चार, दिवसा गायरानात आणि संध्याकाळी गोठ्यात. शेजारी भाताचं खाचर असेल तर त्यातूनही मिथेन निघतोच. तिथे लेझर कुठे ठेवाल? पितळी नळीची युक्ती चालेल, आपल्या देशातल्या संशोधन संस्था ती वापरतातही. पण किती गुरांना नळी देणार, कोणत्या गावातली निवडणार, उन्हाळ्यात कडबा खाणारी की पावसाळ्यात हिरवं चरणारी? वही घ्या, गावाचा नकाशा काढा, वारा कुठून येतो त्याचा बाण काढा आणि तुमची योजना आम्हाला लिहून पाठवा.